कोंबडीला दात

गल्लीत शिरताना नाक दाबायचं आणि दवाखान्याच्या मागच्या दाराशी पोचल्यावर सोडायचं, ही त्याची इतकी जुनी सवय होती की हात आपोआप वर जाई आणि आपोआप खाली येई. त्या सकाळी हात अर्ध्या वाटेवरच खाली आला. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर एक कोंबडी होती. खरी नव्हे. खरी असती तर त्याने तिला हुसकावलं असतं आणि विसरून गेला असता. ही विटकरी लाल रंगाने काढलेली होती. अंग उपड्या घागरीसारखं, त्यात ठिपके, त्रिकोण, नागमोडी रेघा, पोटात आणखी एक बारकी कोंबडी आणि तिच्याही पोटात एक टिंब, म्हणजे बहुधा तिसरी. पाय म्हणजे दोन काड्या. शेपूट अशी पसरलेली की कुणीतरी हात पुढे करून 'थांबा' म्हणतंय. त्या जागी कैक वर्षं 'येथे घाण करू नये' असं लिहिलेलं होतं, आणि ते वाचूनच आठवण व्हावी तसे लोक तिथे थांबत. कोंबडीच्या पोटाखाली 'घाण करू नये' गडप झालं होतं. 'येथे' एवढाच शब्द चोचीपुढे उरला होता, जणू ती कुणाला तरी पत्ता सांगत होती.

आणि तिला डोळा नव्हता.

तो दार उघडून आत गेला, पांढरा डगला चढवला, मेण तापायला ठेवलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण खिडकीपाशी उभे आहोत. डोळा का नाही? बाकी सगळं आहे. शेपटीच्या टोकाला प्रत्येक पिसावर ठिपका द्यायला वेळ होता, पोटातल्या कोंबडीला तुरा द्यायला वेळ होता, आणि डोळा राहिला? रंग संपला म्हणावं तर डबा उलटून शेवटचा थेंब तरी डोळ्याला द्यायचा. कुणी आलं म्हणून पळाला असेल का? कोण येतं या गल्लीत! शिंपी, इस्त्रीवाली, तो, आणि ज्यांना अडवण्यासाठी ते वाक्य लिहिलं होतं ते. दिवसभर तो एका गृहस्थाच्या वरच्या दाढा मेणात बसवत होता आणि दर थोड्या वेळाने मान आपली आपण खिडकीकडे वळत होती. जिथे काहीतरी असायला हवं तिथे नसलं की त्याला चैन पडत नसे. लहानपणी शर्टाचं एक बटण तुटलं तर तो दिवसभर त्या भोकावर बोट ठेवून शाळेत बसायचा. गुरुजी म्हणायचे, पोट दुखतंय का रे? तो म्हणायचा, हो. बटणाचं सांगण्यापेक्षा पोटाचं सांगणं सोपं होतं.

तो कवळ्या करायचा. तोंडं डॉक्टरीणबाई बघायच्या, त्याच्याकडे यायचे ते फक्त साचे. पुढच्या रस्त्यावर दवाखान्याची काचेची दारं, कुंड्या, मऊ खुर्च्या. मागे गल्लीकडे त्याची खोली, प्लास्टरच्या धुळीने पांढरी. त्या खोलीत तो हिरड्या घडवी, दात रोवी, घासून चकाकवी, आणि कवळ्या पेशंटच्या तोंडात निघून जात. रस्त्यात कुणी हसलं की त्याला आधी दात ओळखू येत. माणूस बहुतेक वेळा ओळखू येतच नसे, कारण तो कधी बघितलेलाच नसे. गल्ली त्याला कवळीमास्तर म्हणायची. त्याला ते आवडायचं. निदान त्यात खोटं काही नव्हतं.

खोट्याचा मामला घरी होता. लग्न ठरवताना मध्यस्थाने सांगितलं होतं, मुलगा दातांच्या दवाखान्यात असतो. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. पण सासूबाईंनी त्यावरून मनातल्या मनात डॉक्टर तयार केला, साऱ्या नातेवाइकांत वाटला, आणि लग्नानंतर जेव्हा एका चुलत जावेची दाढ घेऊन त्या मोठ्या दिमाखात आल्या, तेव्हा त्याला सांगावं लागलं की दाढ काढता येत नाही, ती पडल्यावरचं काम माझं. चुलत जाऊ हसली. तेवढं पुरलं. त्या दिवसापासून सासूबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे बोलत, पण मुलीमार्फत. सासरे गेल्यावर त्या एक ट्रंक घेऊन इथेच राहायला आल्या, खिडकीजवळची खुर्ची धरली, आणि ही व्यवस्था जवळून सुरू राहिली. 'त्यांना विचार, पंखा कमी करायचा का.' तो समोरच असे. बायको भाजी चिरता चिरता म्हणे, 'अहो, पंखा.' बायको टपाल कचेरीत गेलेली असली की अडचण व्हायची. मग सासूबाई भिंतीला सांगत, 'दूध उतू चाललंय म्हणावं.' तोही भिंतीलाच सांगे, 'बंद करतो म्हणावं.' भिंत बिचारी निमूटपणे निरोप पोचवी.

गेल्या वर्षी त्यांचा शेवटचा दात गेला. बायको हटून बसली की कवळी यांनीच करायची. त्याने मापं घेतली. सासूबाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं, जणू त्या तिथे नव्हत्याच. त्याने त्यांच्या ट्रंकेतला एक जुना फोटो बायकोकडून मागून घेतला. फोटोत त्या तरुण होत्या, कुणाकडे तरी बघून खो खो हसत होत्या, आणि वरचे पुढचे दोन दात जरासे एकमेकांवर चढलेले होते, गर्दीत दोन मैत्रिणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहाव्यात तसे. असं हसणारी बाई त्याने घरात कधी पाहिलेली नव्हती. त्याने भिंग लावून ते दोन दात तसेच बसवले. सरळ बसवणं सोपं असतं. कुणीही बसवतो. हे त्याने तीनदा मोडून पुन्हा केलं. सासूबाईंनी कवळी घातली, आरशात पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, मग काढून पेल्यात टाकली आणि मुलीला म्हणाल्या, 'त्यांना म्हणावं, माणसाची खोड काढायची तर अशी खर्चिक कशाला काढायची?' तेव्हापासून कवळी पाण्यात आणि सासूबाई मऊ भातावर. दिवसेंदिवस गाल आत चालले होते. बायको जेवताना आईकडे बघे, मग पेल्याकडे, मग त्याच्याकडे, आणि त्याला वाटे की या तिघांत आपणच तेवढे गुन्हेगार.

कोंबडीचा डोळा त्याने काही दिवस सहन केला. रोज सकाळी वाटे, आज काढला असेल. नसे. एकदा शेपटीत दोन पिसं वाढलेली दिसली. म्हणजे चित्रकार येऊन गेला होता, डोळ्याच्या जागेसमोर उभा राहून पिसं वाढवून गेला होता, आणि डोळा काही काढला नव्हता. हे तर अतीच झालं. त्या दुपारी डॉक्टरीणबाई जेवायला घरी गेल्या होत्या, शिंपी मशीनवर डोकं टेकून घोरत होता, इस्त्रीवाली कपडे पोचवायला गेली होती. तो काळ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश घेऊन बाहेर पडला. रस्ता ओलांडताना बघतात तसं त्याने दोन्हीकडे बघून घेतलं. एक टिंब. बस. टिंब दिलं मात्र, आणि कोंबडीने त्याच्याकडे पाहिलं.

त्याने उभ्या जन्मात असं काही केलं नव्हतं. दुसऱ्याच्या भिंतीवर, दुसऱ्याच्या चित्रात, कामाच्या वेळेत. कान तापले. पळत आत यावं असं वाटत होतं आणि पाय तिथेच रुतले होते. आणि तेव्हा त्याला दिसलं की चोच किंचित उघडी आहे. आता डोळा आल्यामुळे तर ती काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखी वाटत होती, आणि आत नुसतीच पोकळी. लाल रेघ वर, लाल रेघ खाली, मधे भिंत. तो कधी आत गेला, उरल्यासुरल्या दातांचा डबा कधी उघडला, पूड आणि द्रव कालवून गुलाबी लगदा कधी तयार झाला, हे त्याला पुढे नीटसं आठवेना. तो लगदा थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होतो, त्यामुळे विचार करायला सवड नसते, हे एक त्याचं बरं. त्याने चोचीत वरची हिरडी थापली, दात रोवले, खालची थापली, दात रोवले, बोटाने सारखं केलं, आणि एखाद्या पेशंटला म्हणावं तसं हलकेच म्हणाला, 'मिटा.' मग स्वतःच दचकून आत आला, दाराला आतून कडी घातली आणि स्टोव्हवर ठेवलेल्या मेणाचा पार धूर होईपर्यंत नुसता बसून राहिला. आत हसू येत होतं. ते कुठून येतंय हे कळत नव्हतं. छातीच्या खालच्या बाजूला, जिथे एरवी पित्त असायचं, तिथून.

शिंप्याला जाग आली आणि त्याची पहिली आरोळी ऐकू आली. 'अहो कवळीमास्तर! बाहेर या! कोंबडीला दात आले!'

तो बाहेर गेला. शक्य तितकं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं. शिंपी भिंतीला नाक लावून उभा होता. 'खरे दात आहेत हो,' तो म्हणाला. 'बोट लावून बघा. माझ्या काकूच्या तोंडात पण इतके नाहीत.'

'कुणी केलं असेल?' त्याने विचारलं. आवाज चिरकला.

शिंप्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डगल्यावर गुलाबी डाग होता. शिंप्याने डागाकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, 'काही कल्पना नाही बुवा. दाताच्या कामातलं कळणारा माणूस आपल्या गल्लीत आहे कोण?' आणि डोळे मिचकावून पुन्हा मशीनवर जाऊन बसला.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. कोंबडीला दात असू शकतात म्हटल्यावर लोकांची भीड चेपली. शिंप्याने कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने कोंबडीच्या पायाशी माशांची रांग काढली. मासे असे होते की त्यांना बगल आणि कॉलर होती, कारण त्याला तीच वळणं येत. इस्त्रीवालीने जळक्या इस्त्रीचा ठसा उमटवून त्याला देठ काढले, ती पानं झाली, आणि पाहता पाहता पन्हाळीच्या नळावर झाड चढलं. कुणी सूर्य काढला, कुणाला तो भाकरीसारखा वाटला म्हणून त्याने शेजारी ताट काढलं. दोन डोक्यांचा उंट आला. एका सकाळी नुसतीच शिडी आली, भिंतीच्या मध्यापर्यंत जाऊन संपणारी, आणि तिच्यावरून दोन दिवस वाद झाला की ती अर्धवट आहे की मुद्दामच तशी आहे. ज्यांची तिथे थांबायची सवय होती ते दोघेतिघे जण येत, इकडून तिकडे बघत, एवढ्या डोळ्यांसमोर संकोच वाटून पुढे चालू लागत. वास गेला. नाक दाबायला वर गेलेला त्याचा हात एक दिवस वाटेत कपाळावर थांबला आणि त्याने उगाचच केस नसलेल्या डोक्यावरून फिरवला. पुढच्या रस्त्यावरून येणारे पेशंट आता मुद्दाम गल्लीतून येऊ लागले. मागच्या दाराने, त्याच्या खोलीतून. येता येता म्हणत, 'अच्छा, तुम्ही करता होय हे?' तो उत्तरादाखल हातातली कवळी पुढे धरी. याआधी कधी कुणी विचारलंच नव्हतं.

घरी ही बातमी बायकोने आणली. टपाल कचेरीपर्यंत पोचली होती. जेवायला बसताना ती म्हणाली, 'तुमच्या गल्लीत म्हणे कोंबडीला कवळी बसवलीय कुणीतरी. कोण हो हा मूर्ख?'

'असेल कुणी,' तो भाताकडे बघत म्हणाला.

सासूबाईंनी भाताचं शीत न शीत बोटाने चिरडलं. रोज सकाळी त्या बागेत फिरायला जात, तो झोपेतून उठायच्या सुमारास परत येत. गेले काही दिवस परत आल्यावर बादलीत हात खूप वेळ धूत बसत, हे त्याला आत्ता, याच क्षणी आठवलं, आणि का आठवलं हे कळलं नाही. खिडकीच्या गजांना दिलेला लाल रंग उरला होता तो डबा सापडत नाही म्हणून बायको कधीची कुरकुरत होती, हेही त्याच वेळी आठवलं. दोन्ही आठवणी शेजारी शेजारी येऊन बसल्या आणि एकमेकींशी न बोलता बसून राहिल्या.

बायको पाणी आणायला आत गेली. सासूबाईंनी त्याच्याकडे न बघता, भिंतीला सांगितलं, 'दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये म्हणावं. डोळा मुद्दाम ठेवला होता.'

घास त्याच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. सासूबाईंचाही हात थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलेलं त्याला दिसलं, आणि त्याला कळलेलं त्यांना दिसलं. आता त्याचं गुपित त्यांच्याकडे होतं आणि त्यांचं त्याच्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं, आणि कुणाच्या तरी घरात दोन चोर एकाच वेळी शिरले तर ज्या नजरेने पाहतील त्या नजरेने पाहिलं.

बायको तांब्या घेऊन आली. दोघांकडे बघून म्हणाली, 'काय झालं?'

'काही नाही,' दोघं म्हणाले. एका दमात, एका सुरात. बायकोच्या हातातलं पाणी सांडलं.

त्याला झोप लागली नाही असं म्हणता येणार नाही. लागली. पण झोपेतही तो विचार करत होता. या? खुर्चीत बसून पंख्यावरून निरोप पाठवणाऱ्या या? घागरीएवढी कोंबडी? पोटातली कोंबडी, तिच्या पोटातलं टिंब, पिसांवरचे ठिपके! ती रेघ अशी होती की काढणाऱ्याने हात उचललाच नसावा. त्याने त्यांना पोथीसारखी बंद वस्तू समजून कपाटात ठेवलं होतं आणि त्यांनी त्याला. आणि दात? दात बघून त्यांना काय वाटलं असेल? तेव्हा कुठे त्याला आठवलं की चोचीतले वरचे पुढचे दोन दात त्याच्या बोटांनी कसे बसवले होते. खांद्याला खांदा लावून. बोटांना तीनदा घोकलेलं तेच येत होतं. त्याने सासूबाईंचं हसू भर गल्लीत एका कोंबडीच्या तोंडात दिलं होतं. तो अंथरुणात उठून बसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला हाक मारली. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचं सगळं सरळ असे, केस, फायली, दात. गोदाम त्यांच्या सासऱ्यांचं, म्हणजे भिंत त्यांची. त्यांनी भिंग लावून कोंबडीचे दात तपासले होते.

'हे आपल्याकडचे दात आहेत,' त्या म्हणाल्या. 'मी विचारत नाही कुणी केलं. मला कळतं. पण दवाखान्याच्या दारात कोंबडी कवळी घालून हसतेय, म्हणजे लोक काय समजतील? आम्ही काय कोंबड्यांवर इलाज करतो? उद्या दुपारी रंगारी येईल. पांढरा हात मारून टाकू. आणि पेशंटनी पुढच्या दारानेच यायचं.'

'बरं,' तो म्हणाला. दुसरं काही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. खोलीत येऊन तो एका बाईंच्या खालच्या दाढा घासत बसला आणि इतका घासत बसला की त्या दाढा राहिल्याच नाहीत.

संध्याकाळी बायको यायची होती. सासूबाई खुर्चीत होत्या. तो भिंतीसमोर उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, आणि भिंतीला काय सांगायचं हे सुचेना. मग तो वळला. 'उद्या पुसणार आहेत,' तो म्हणाला. 'सगळंच. तुमची कोंबडीसुद्धा.'

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोळक्या तोंडाने काहीतरी चघळल्यासारखं करत. त्या म्हणाल्या, आणि भिंतीला नाही म्हणाल्या, 'लहानपणी कोळशाने दारामागे काढलं होतं. आईने हात पोळवला. नंतर कधी काढलं नाही. बागेत जाताना तुमची गल्ली लागते. वास यायचा. म्हटलं, या माणसाला रोज हा वास घेत जावं लागतं.' मग घाईघाईने, 'म्हणून नाही काढली. उगाच वाटून घेऊ नका. भिंत मोकळी होती म्हणून काढली.'

'डोळा का ठेवला होता?'

'डोळा काढला की चित्र संपतं. मग उद्या सकाळी कशाला जायचं?'

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. चुकलो, असं काहीतरी. पण दाराशी बायकोची चप्पल वाजली आणि सासूबाई म्हणाल्या, 'तिला सांग, दिवा लाव म्हणावं,' आणि आपण कुणाला सांगतोय याचा त्यांचाच गोंधळ उडाला.

सकाळी तो निघाला तेव्हा खुर्ची रिकामी होती. अजून बागेतून आल्या नसतील. गल्लीत नव्हत्या. कोंबडी होती, डोळा होता, दात होते. तो तिच्यासमोर उभा राहिला. डॉक्टरीणबाईंना सांगायचं, मीच केलं, पाहिजे तर मला काढा, तिला काढू नका. वाक्य चांगलं होतं. त्याने ते खोलीत तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी प्लास्टरचे साचेसुद्धा आ वासून ऐकत होते, पण साचे नेहमीच आ वासलेले असतात. दार ढकलून तो पुढच्या बाजूला गेला. मऊ खुर्च्या भरल्या होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन पुढच्या पेशंटला बोलावत होत्या. त्याने घसा खाकरला.

'मी...' तो म्हणाला.

तेवढ्यात काचेचं दार उघडून सासूबाई आत आल्या. नीट नेसलेल्या, केस चापून बांधलेले. बोटांना लाल रंग. सगळ्यांकडे एकदा बघून त्या सरळ डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

'ती कोंबडी माझी,' त्या म्हणाल्या.

आवाज वेगळा होता. 'क' आणि 'ड' स्पष्ट होते. त्याला आधी कळेना काय बदललंय. गाल बाहेर आले होते.

'आजी, तुमची म्हणजे?' डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

'मी काढली. आणि दातही माझेच. बघा.' सासूबाई हसल्या. हसायचं म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. वरचे पुढचे दोन दात खांद्याला खांदा लावून उभे होते. खुर्च्यांतली सगळी माणसं पुढे वाकली. दाढ धरून बसलेला एक गृहस्थ दाढ विसरून म्हणाला, 'हुबेहूब हो! तीच कोंबडी!' आणि आपण काय बोललो हे कळून त्याने पुन्हा दाढ धरली.

'कोंबडीला ते यांनी बसवले,' सासूबाई म्हणाल्या आणि लाल बोट त्याच्याकडे रोखलं. 'हे माझे जावई.'

कोपऱ्यातल्या एका बाईने कौतुकाने विचारलं, 'अगबाई! जावई पण डॉक्टर का?'

त्याने जमिनीकडे पाहिलं. त्याच्यात आणि सासूबाईंमध्ये फरशीवर पाऊलभर अंतर होतं, इतक्या वर्षांचं.

'छे,' सासूबाई म्हणाल्या. 'डॉक्टर दात काढतात. हे करतात.'

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू येत होतं आणि ते सरळ बसेना. शेवटी म्हणाल्या, 'अहो आजी, पण लोक काय म्हणतील?' यावर खुर्च्यांतली चारपाच माणसं एकदमच बोलू लागली. एकजण म्हणाला की त्याला दवाखाना सापडतच नव्हता, पानवाल्याने सांगितलं, दातवाल्या कोंबडीच्या समोर. दाढवाले गृहस्थ म्हणाले की एवढ्या वेळात मला काहीच दुखलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. 'राहू दे,' त्या म्हणाल्या. 'पण तो दोन डोक्यांचा उंट मला बिलकूल आवडत नाही. आणि भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात काहीच नाही. एवढं केलंत तर निदान पूर्ण तरी करा. अर्धवट काम मला सहन होत नाही.'

'माझा हात पोचत नाही,' सासूबाई म्हणाल्या.

तर आता तो गल्लीत स्टूल धरून उभा होता. भर उजेडात, डगल्यासकट. शिंपी मशीन थांबवून दारात आला होता, इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली होती. रंगारी पांढऱ्या रंगाची बादली घेऊन आला होता आणि काही काम नाही म्हटल्यावर बादलीवर बसून सल्ले देत होता. वर सासूबाई काहीतरी काढत होत्या. तो वर बघू शकत नव्हता. बघितलं की लाल थेंब डोळ्यात पडत. त्याच्या नजरेसमोर फक्त त्यांच्या टाचा होत्या, भेगाळलेल्या, आणि पायांची दहा बोटं, स्टुलाला घट्ट धरून बसलेली. इतकं जवळून त्याने त्यांना तोंड सोडून कधी पाहिलं नव्हतं. घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणेल, ताप आलाय का तुम्हाला. हात भरून आले होते. ते भरून येणं त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची थोडी भीतीही.

'काय काढतायत?' त्याने शिंप्याला हळूच विचारलं.

'गाढव असावं,' शिंपी म्हणाला.

'घोडा आहे,' वरून उत्तर आलं. 'धरलंय ना नीट?'

'धरलंय.'

'मग बोला काहीतरी. मुक्यासारखे काय उभे राहता? मला पडल्यासारखं वाटतं.'

काय बोलायचं? इतकी वर्षं काय काय बोलायचं राहिलं होतं याची रास त्याच्यापुढे येऊन पडली, आणि त्यातलं एकही वाक्य या उजेडात, या स्टुलापाशी, या माणसांसमोर उचलता येण्यासारखं नव्हतं. मग त्याच्या तोंडातून भलतंच निघालं. एक गवई होते, तो म्हणाला, त्यांची वरची कवळी मी केली होती. त्यांना सांगितलं होतं, पहिले काही दिवस जोरात गाऊ नका. पण बैठक होती. पहिल्याच तानेला वर गेले, आणि कवळी सुटली ती थेट पुढच्या रांगेतल्या बाईंच्या पर्समध्ये. पर्स उघडी होती. बाईंना कळलं नाही, त्यांनी पर्स मिटली. गवई गातायत, पण शब्द ऐकू येईनात, आणि लोक म्हणतायत, वा, काय नवी गायकी!

स्टूल हलू लागलं. त्याला आधी वाटलं आपलीच पकड सुटतेय. मग त्याने डोळे बारीक करून वर पाहिलं. सासूबाई एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात ब्रश उंच धरून हसत होत्या. खो खो. डोळ्यांतून पाणी.

'हसवू नका हो मेलं,' त्या म्हणाल्या. 'पडेन मी. घोड्याला पाचवा पाय झाला बघा.' त्यांनी पदराने डोळे टिपले, पायाची बोटं पुन्हा स्टुलावर रोवली, आणि खाली वाकून म्हणाल्या, 'मग? त्या बाईंनी पर्स कधी उघडली?'